डिस्कच्या रंगातला फोटो

टक्.

घर इतकं शांत होतं की एवढासा आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आला. शनिवारची दुपार. खारू माझ्या दंडावर डोकं टाकून नुकतीच झोपली होती. तोंड उघडं, केसांना अजून उन्हाचा वास. मी छताकडे बघत पडले होते आणि तो आवाज आला. प्रिंटरचा छोट्या कागदाचा ट्रे आत सरकवला की शेवटी होतो, तो टक्.

त्या ट्रेला या घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. आणि मी तर इथे होते.

मग खर्र, खर्र, थांबून पुन्हा खर्र. काहीतरी छापलं जात होतं.

झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढणं हे घाईचं काम नव्हे. आधी बोटं हलवायची, मग मनगट, मग श्वास रोखून कोपर. मी बाहेर आले तोवर सगळं थांबलं होतं. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाणी पीत होता. ग्लास रिकामा झाला होता, तरी पीत होता.

"काय छापत होतास?"

"मी? छे. तुझं यंत्रच कुरकुरलं. तोंड धूत असेल."

प्रिंटर अधूनमधून स्वतःची शाईची भोकं साफ करतो, त्याला आमच्या घरात तोंड धुणं म्हणतात. शब्द खारूचा. पण तोंड धुताना ट्रे वाजत नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला जगातल्या सगळ्या टक् आणि खट् मधला फरक कळतो, फक्त बायकोच्या यंत्रातला कळत नाही. मी "असेल" म्हटलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. खिसा सपाट होता. जरा जास्तच सपाट.

प्रिंटर आहे त्या जागेला आम्ही ऑफिस म्हणतो. म्हणजे कपडे वाळत घालायची गॅलरी, तिला काच लावून घेतलेली. काचेवर करडा पडदा, कारण उन्हात लाल वेगळा दिसतो आणि ढगात वेगळा. एक टेबल, वर कॉम्प्युटर, वाळत ठेवलेल्या छापील डिस्कसाठी एक फळी, आणि दोरीवर सदैव खारूचे मोजे. मी तिथे गेले. सकाळी रिकामा ठेवलेला छोटा ट्रे आता कागदाने भरलेला होता. फळीवरच्या डिस्क होत्या तशाच होत्या. कॉम्प्युटर बंद होता, पण वरून हात फिरवला तर कोमट लागला.

मी पडदा सारखा केला आणि परत आले. बोलायला हातात काहीतरी लागतं.

हे काम मला स्टुडिओवाल्या काकांनी दिलं होतं. शाळांचे कार्यक्रम ते चित्रित करतात आणि प्रत्येक घराला एक पाकीट देतात. पाकिटात एक डिस्क, डिस्कवर त्या घरच्या मुलाचा चेहरा छापलेला, आणि शेजारी तोच चेहरा छोट्या फोटो कागदावर.

"आता डिस्क बघतं कोण, काका?" मी विचारलं होतं.

"बघत कोणी नाही गं. ठेवतात सगळे. ठेवायला काहीतरी वस्तू लागते ना."

अडचण अशी होती की दोन चेहरे जुळत नव्हते. डिस्कवरचं पोर तापातून उठल्यासारखं आणि फोटोतलं ठणठणीत. एका आईने काकांना तोंडावर विचारलं होतं, ही दोन वेगळी मुलं आहेत का? काकांना ते फार लागलं. त्यांनी आपलं रंग मोजायचं मीटर मला सोमवारपर्यंत वापरायला दिलं आणि म्हणाले, "दोन्ही चेहरे एका आईचे वाटले पाहिजेत. जमलं तर पुढच्या सगळ्या शाळा तुझ्या. नाही जमलं तर मी बाहेर देतो, मग रुसायचं नाही."

त्यासाठी मी प्रोफाइल करत होते. प्रिंटर आंधळा असतो. शाई कशावर पडतेय हे त्याला कळत नाही. डिस्कचा पांढरा थर शाई पिऊन टाकतो, रंग मलूल होतात. छोटा चकचकीत कागद शाई वरच्या वर झेलतो. म्हणून दोघांची ओळख वेगवेगळी करून द्यावी लागते. रंगांच्या बारीक चौकोनांचा तक्ता छापायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग एकेका चौकोनावर मीटर टेकवायचं. म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं की बाबा रे, तू लाल म्हणून जे टाकलंस ते इथे असं दिसतंय. तो फरक लक्षात घेतो आणि पुढच्या वेळी त्या कागदापुरता हात सैल सोडतो किंवा आखडता घेतो. डिस्कसाठी सैल. लाल तर चांगलाच सैल.

डिस्कने माझा जीव खाल्ला होता. मध्ये भोक, बाजूने गोल. चौकोन गोलात बसवायचे, आणि मीटरचा पाय भोकात घसरला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी बुटांच्या खोक्याचं झाकण कापून मी एक चकती केली, तेव्हा मीटर जागेवर बसलं. त्याआधीचा एक तक्ता खारूने घालवला होता. ओलं बोट लावून तिने गुलाबी चौकोन पुसून बघितला.

"निघतो का बघत होते," ती म्हणाली होती. तिला कुठलाही डाग दिसला की आधी ओलं बोट. मी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. ही खोड तिने माझी घेतली आहे.

शनिवारची सकाळ तेवढी माझी असते. बाप लेकीला झोपाळ्यावर घेऊन जातो आणि मी दार लावून ऑफिसात बसते. सुरुवातीला मला वाटायचं, माझं नशीब की असा नवरा मिळाला. शेजारणीला सांगताना मी जरा फुशारकीच मारायचे. मग काही गोष्टी दिसायला लागल्या. झोपाळ्याला जाताना तो इस्त्रीचा शर्ट घालायचा. बागेत झोपाळ्याखाली वाळू आहे, पण खारूच्या बुटांतून वाळू निघेनाशी झाली. पूर्वी मी बूट उलटे करायचे तर पायपुसणं भरायचं. आता बूट स्वच्छ, मोजे स्वच्छ. आणि त्या शनिवारी ती परत आली तर केसांची वेणी घातलेली.

ही वेणी मी सकाळी घातलेली नव्हती. मी दोन रबरं लावून सोडलं होतं. ही कपाळापासून घट्ट, एकही केस न सुटलेली, टोकाला रबर न लावता केसांचीच गाठ.

"ही कुणी घातली?"

"मी," तो म्हणाला. "व्हिडिओ बघून शिकलो."

खारू त्याच्याकडे बघून हसली. लहान मुलं गुपित सांभाळतात तेव्हा ओठ आत घेतात. तिने ओठ आत घेतले.

पण तेव्हा डिस्कचं प्रोफाइल नुकतंच जमलं होतं. पहिल्यांदा डिस्कवरचा चेहरा तापातून बाहेर आला होता. मी त्याच आनंदात होते, म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. मशीनमध्ये डिस्कचंच प्रोफाइल चालू ठेवून मी खारूला झोपवायला गेले. मग तो टक्.

संध्याकाळी मी छोट्या कागदावरचा तक्ता छापला. एवढ्याशा कागदावर सगळे चौकोन मावत नाहीत, तेव्हा बऱ्याच तुकड्यांत छापावा लागतो. फळीभर कागद मांडून मी ते वाळायला ठेवले. नवरा दारात येऊन उभा राहिला. "छान दिसतंय," म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने त्या चौकोनांना छान म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. जेवताना मी त्याच्याकडे बघत होते. तो नेहमीसारखाच जेवत होता, आणि मला त्याचाच राग येत होता.

रविवारी सकाळी मी कंगवा त्याच्या हातात दिला.

"आज वेणी तू घाल."

"आज?"

"कालची सुंदर होती. मला शिकव."

तो खारूच्या मागे बसला. लिफ्टची दोरखंडं हाताळणारा माणूस, पण तीन पेडांशी कुस्ती सुरू झाली. एक पेड सुटला, दुसरा तोंडात धरला, तिसरा कानामागे गेला.

"बाबा, दुखतंय!"

"हलू नकोस गं."

"काल नाही दुखलं," खारू म्हणाली आणि लगेच ओठ आत घेतले.

"केस आज जास्त निसरडे आहेत," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"हो का? शाम्पू बदलला असेल," मी म्हटलं.

आम्ही दोघंही हसलो. हसताना मी त्याच्या बोटांकडे बघत होते. ती बोटं प्रामाणिक होती, त्यांना काही येत नव्हतं. खोटं फक्त तोंड बोलत होतं. वेणीचं गाठोडं तसंच टाकून तो उठला आणि केस कापून येतो म्हणून पायीच गेला. न्हाव्याचं दुकान कोपऱ्यावर आहे.

त्याचं हेल्मेट दारामागच्या खुंटीवर राहिलं. खारूने स्टूल लावून ते काढलं, डोक्यात घातलं आणि घरभर "मी लिफ्टवाला, बाजूला व्हा" करत फिरायला लागली. दाराच्या चौकटीवर धडकली. हेल्मेट जमिनीवर पडलं, आतलं मऊ अस्तर सुटलं आणि त्याच्या मागून एक छोटा चकचकीत कागद बाहेर आला.

मी तो उचलला. आता सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला फोटोतली बाई दिसलीच नाही. मला चुकलेला रंग दिसला. छोटा कागद, माझ्याच पुड्यातला, आणि त्यावर सगळी कातडी भाजल्यासारखी लालभडक. डिस्कसाठी सैल सोडलेला लाल चकचकीत कागदावर ओतला की असंच होतं. म्हणजे हा फोटो माझ्याच प्रिंटरवर छापला होता, काल दुपारी, डिस्कचं प्रोफाइल चालू असताना. ज्याला प्रोफाइल बदलायचं असतं हेच माहीत नाही, अशा माणसाने.

मग बाई दिसली.

खारू तिच्या मांडीवर बसली होती. मागे जिन्याची पायरी, बाजूला कुंडी. खारूच्या अंगात पिवळा फ्रॉक, कालचाच, आणि डोक्यावर ती वेणी. बाईचा एक हात तिच्या पोटाभोवती होता, घट्ट, मुलगी आपलीच असल्यासारखा. चेहरा नव्हता. कागद कडेपर्यंत भरायचा पर्याय चालू असला की प्रिंटर फोटो कागदापेक्षा मोठा करतो आणि न मावलेला भाग छाटून टाकतो. वरची कड नेमकी तिच्या ओठांवरून गेली होती. राहिली होती एक हनुवटी, एक मान आणि हसण्याचा अर्धा भाग.

मी त्या मानेवरून वय मोजायला लागले. लाल रंगात सुरकुत्या बुडतात. ती मान मला तरुण वाटली. हनुवटी सुंदर वाटली. तो इस्त्रीचा शर्ट आठवला, स्वच्छ बूट आठवले. माझ्या कामाचे ते तास, जे मी त्याचे उपकार म्हणून घेत होते, ते त्याने कुणाला दिले होते ते माझ्या हातात होतं. आणि एकटा गेला असता तर गेला असता. माझी मुलगी घेऊन गेला होता. तिच्या मांडीवर बसवली होती.

"आई, तो बाबांचा आहे," खारू हळूच म्हणाली.

"हो का."

"मावशीला द्यायचाय."

मला बहीण नाही. मोठी नाही, धाकटी नाही.

"कुठली मावशी गं?"

तिने ओठ आत घेतले. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. मी अजून एक प्रश्न विचारला असता तर तिने सगळं सांगितलं असतं, आणि मग आयुष्यभर तिला वाटलं असतं की बाबांना आपण पकडून दिलं. मी तिच्या वेणीची गाठ सोडवली, केस विंचरले, तिच्यापुढे कागद आणि खडू टाकले. "जा, मोठ्ठं घर काढ." ती गेली.

मी ऑफिसात जाऊन बसले. भांडायला माझ्याकडे आता वस्तू होती, पण ती अर्धीच होती. चेहरा नव्हता. फोटो छापायच्या त्या प्रोग्रॅमला शेवटचं काम लक्षात राहतं, आणि तक्ते मी वेगळ्या प्रोग्रॅममधून छापते. फाइल पुसली तरी "पुन्हा छापा" म्हटलं की तो छापतो. नवऱ्याला हे माहीत असणं शक्यच नव्हतं. मी उघडलं. कोपऱ्यात नखाएवढं चित्र होतं, पिवळा ठिपका म्हणजे फ्रॉक. बटण तिथेच होतं.

पण मी ते दाबलं नाही. आधी मीटर घेतलं.

याला कुणी काय म्हणायचं ते म्हणो. मला तो फोटो लाल नको होता. त्या बाईला बघायचंच तर ती जशी आहे तशीच बघायची होती. रंगाने तरुण केलेली नाही की म्हातारी केलेली नाही. आणि खरं सांगायचं तर मला थोडा वेळही हवा होता. तक्ता आता वाळला होता. मी एकेक चौकोन टेकवत गेले. टिक, टिक, टिक. मीटर सरकलं की थांबले, मग पुन्हा. करडे, निळे, मग कातडीचे ते सगळे गव्हाळ रंग, ज्यांच्यावर माणसाची ओळख असते. बाहेर खारू स्वतःशी गुणगुणत होती. कॉम्प्युटरने हिशेब केला आणि विचारलं, प्रोफाइलला नाव काय देऊ? मी लिहिलं, छोटा कागद. हात आखडता.

मग डिस्कचं प्रोफाइल काढून हे लावलं. कडेपर्यंत भरायचा पर्याय बंद केला, म्हणजे चेहरा छाटला जाणार नव्हता. ट्रे आत सरकवला. टक्. पुन्हा छापा.

कागद वरच्या कडेने बाहेर येतो, पट्ट्या पट्ट्यांनी. आधी भिंतीचा रंग आला. मग केस, काळे केलेले, मुळाशी पांढरे. मी पुढे वाकले. कपाळ आलं, त्यावर आठ्या. डोळे आले, खाली बघणारे, खारूच्या वेणीवर खिळलेले. मी त्या डोळ्यांना ओळखत नव्हते. मला सुटल्यासारखंही झालं आणि अजूनच संशय आला. ही कोणी तरुण बाई नव्हती. मग कोण? कुणाची आई? कशाला माझी मुलगी मांडीवर? खर्र, खर्र. नाक, ओठ, ती हनुवटी, आता तितकी सुंदर नाही, सैल पडलेली. खारूचा चेहरा, खराखुरा, तिच्या नाकावरच्या तिळासकट. मग पिवळा फ्रॉक. मग पोटाभोवतीचा तो हात, आता गव्हाळ, आपल्या रंगाचा.

आणि हातावर, मनगटाच्या वर, पानाच्या आकाराचा एक लाल डाग.

आधीच्या फोटोत सगळा हातच लाल होता, त्यात तो विरघळून गेला होता. आता हात हाताच्या रंगाचा झाला आणि डाग डागाच्या.

तो डाग मी ओल्या बोटाने पुसून बघायचे. रोज. रोज वाटायचं आज निघेल. ती हसायची आणि हात तसाच पुढे धरायची. चेहरा विसरले मी, आवाज विसरले, डाग राहिला होता. खारूपेक्षा थोडीशीच मोठी होते. दुपारी आईच्या दंडावर डोकं ठेवून झोपले आणि उठले तेव्हा डोक्याखाली उशी होती. कपाटातले तिचे कपडे नव्हते. नंतर चुलते, आत्या, शेजारपाजार सगळ्यांनी खूप काही सांगितलं, कोण होता, कुठे गेली; मला त्यातलं काही नको होतं. मला एवढंच वाटायचं, माझं डोकं किती जड होतं तेव्हा, तिने हात काढला कसा. काल दुपारी मी तेच करत होते. बोटं, मनगट, कोपर.

दार वाजलं. नवरा आला, मानेवर केसांचे तुकडे घेऊन.

"कसा दिसतोय?"

मी दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. तो आला, बघत राहिला. मग तोंडातून पहिलं निघालं ते, "हा नीट आला."

"नीट येणारच. प्रोफाइल बदललंय."

"मला वाटलं शाई संपली. म्हणून तर तिला द्यावा की नाही कळत नव्हतं. चेहरा कापलेला, रंग असा..." आणि मग त्याला कळलं आपण काय बोलतोय. तो खाली मोज्यांच्या टोपलीवरच बसला.

"मला सांगितलं असतंस तर मी नीट छापून दिला असता," मी म्हटलं. आवाज शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. "कधीपासून?"

"थंडी सरत होती तेव्हापासून."

"कुठे भेटली?"

"एका इमारतीत. एका आजारी बाईंना सांभाळते ती. लिफ्ट अडकली होती, मी आत काम करत होतो आणि कुणीतरी दार धरायला हवं होतं. तिने धरलं. हात माझ्या डोळ्यांसमोर. तूच सांगितलं होतंस, पानासारखा डाग. मी सहज नाव विचारलं."

"सहज."

"अगं, सहज नाही. पण विचारलं."

"आणि मी तुला हे पण सांगितलं होतं की ती समोर आली तरी मी तिचं तोंड बघणार नाही."

"तू. तू बघणार नाही म्हणाली होतीस. खारूचं काही बोलली नव्हतीस."

"लिफ्टच्या कामात कशाला गेलास? वकील व्हायचं होतंस."

तो हसला नाही. "ती म्हणाली, लांबून बघते. मी म्हटलं, लांबून कशाला. एकदाच म्हणून नेलं. मग पुढच्या शनिवारी खारूच चल म्हणाली. दर शनिवारी ठरवायचो, आज हिला सांगू. घरी आलो की तू त्या डिस्क घेऊन इतकी खूश असायचीस..."

"म्हणजे माझ्या आनंदाचाच दोष."

"तसं नाही म्हणत मी." त्याने मान चोळली. "तुला दुसरंच काही वाटलं ना?"

"हो."

"मग आता तरी..."

"ते बरं होतं," मी म्हटलं. "त्याच्यासाठी माझ्याकडे भांडण तयार होतं."

खरंच तयार होतं. हेल्मेट फेकायचं, बॅग भरायची, स्टुडिओवाल्या काकांना सांगून शाळांचं काम घ्यायचं आणि खारूला घेऊन उभं राहायचं. आता त्या सगळ्याचं काय करायचं? समोर बसलेला माणूस दुसऱ्या बाईकडे गेला नव्हता. पण इतके शनिवार तो ओठ आत घेऊन माझ्यासमोर जेवला होता, आणि माझ्या मुलीलाही त्याने तेच शिकवलं होतं. वाईट हेतू नसलेल्या माणसाला इतकं सफाईदार लपवता येतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. आता कायमचं माहीत झालं.

"काय हवंय तिला?" मी विचारलं.

"फोटो."

"आणि फोटो मिळाला की?"

"तेवढंच म्हणाली."

"सगळे तेवढंच म्हणूनच सुरुवात करतात. एवढी वर्षं काही नाही आणि आता वेणी घालायला आली. कुणी आजारी आहे का? तिला राहायला जागा हवी आहे? तू घर दाखवलंस?"

"नाही गं. तिने पत्ता विचारलाच नाही."

"विचारला नाही, की तिला माहीत आहे?"

त्याच्या तोंडावरून मला दिसलं, हा प्रश्न त्याला सुचलाही नव्हता. भला माणूस. मला त्या क्षणी त्याला मारावंसंही वाटलं आणि त्याच्या मानेवरचे केस झटकावेसेही वाटले. मी झटकले. जरा जोरातच.

"शनिवारी नेऊ नकोस," मी म्हटलं.

"बरं."

"म्हणजे मी सांगेपर्यंत."

"बरं," तो म्हणाला आणि फोटोकडे हात नेला. मी त्याचा हात बाजूला केला. "ओला आहे अजून. राहू दे तिथेच."

राहू दे म्हणाले, फाडून टाक म्हणाले नाही. ते दोघांच्याही लक्षात आलं. टेबलावर मी डिस्कही ठेवली होती, काल सकाळी चाचणीला छापलेली, तिच्यावर खारूचा चेहरा. शेजारी छोट्या कागदावर तीच खारू. रंग जुळले होते. सोमवारी काकांना काही बोलायला जागा राहणार नव्हती. दोन्ही चेहरे एका आईचे वाटत होते. मी बघत होते ते मात्र तिसऱ्या चेहऱ्याकडे, खाली वाकलेल्या, आणि त्यात काहीही माझं सापडू नये म्हणून शोधत होते. हनुवटी सापडली.

खारू कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने टेबलावर हनुवटी टेकवली, तीच हनुवटी, आणि बोट तोंडात घालून ओलं केलं. मी तिचा हात वरच्या वर धरला.

"पुसायचं नाही. शाई पसरेल."

"तो पुसतच नाही," खारू म्हणाली. "खऱ्या हातावरचा पण नाही. मी खूपदा बघितलंय. ती म्हणते, अजून घास, अजून घास."

नवऱ्याने श्वास आत घेतला. "खारू, आत जा बेटा."

"थांब," मी म्हटलं. "बोलू दे."

खारूने आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे ओठ आत गेले आणि मग हळूहळू बाहेर आले. तिने माझं मनगट धरलं, ओल्याच बोटांनी.

"ती म्हणाली, मावशी नको म्हणूस. मी विचारलं, मग काय म्हणू? तर म्हणाली, आईला विचार." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "आई, काय म्हणू गं तिला?"